मावशीची डाळिंबी गाडी

ऑक्सफर्डहून ॲबिंग्डनला बसने जेमतेम अर्धा तास लागतो. थेम्स नदीच्या काठचं हे गाव आपल्या वाईची आठवण करून देतं. नदी, जुना दगडी पूल, काठाला देऊळ (म्हणजे चर्च हो!) आणि मधोमध बाजारचौक. चौकात सतराव्या शतकातली 'काउंटी हॉल' नावाची देखणी इमारत उभी आहे. राजघराण्यात राज्यारोहण, लग्न असं काही मोठं घडलं की या इमारतीच्या गच्चीवरून गावकऱ्यांच्या अंगावर गोड पाव फेकायचे, अशी इथली अडीचशे वर्षांहून जुनी चाल! आपल्याकडे लग्नात अक्षता टाकतात, इथे पाव. खालच्या गर्दीतल्या बायका छत्र्या उलट्या धरून ते झेलतात म्हणे. इमारतीत आता संग्रहालय आहे आणि तिथे जुने पाव जपून ठेवले आहेत. मी ते पाहिले. लाकडाचे ठोकळे झालेत नुसते.

पण मी सांगणार आहे ती हकिगत पावाची नाही, गाडीची आहे. ती सांगायची म्हणजे आधी स्वतःची फजिती सांगावी लागेल.

२०२४च्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, मी तीन आठवडे माझ्या मावशीकडे ॲबिंग्डनला राहिले. मावशी १९७१ साली लग्न होऊन इकडे आली आणि ऑक्सफर्डच्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून जन्मभर राबली. काका जाऊन आठ वर्षं झाली. ती आता शहात्तर वर्षांची आहे, हातपाय धड आहेत, पण दृष्टी मधोमध पुसट झाली आहे. माणसाचा चेहरा पाहायचा तर तिला मान जराशी तिरपी करावी लागते.

मी पोचले त्या संध्याकाळीच तिने नातीकडून गॅरेजचं दार उघडून घेतलं आणि म्हणाली, "ये, तुला माझी सवत दाखवते." आत एक बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसांची लाल गाडी. वर कापडी टप, तारांच्या आऱ्यांची चाकं, समोर चकचकीत बंपर आणि नाकावर अष्टकोनी बिल्ला. त्यात अक्षरं 'एमजी'.

एमजी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर २०१९ पासून आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या मोठाल्या गाड्या येतील. ते नाव आता एका चिनी कंपनीच्या मालकीचं आहे. पण मूळची एमजी या परिसरातली. 'मॉरिस गॅरेजेस' हे ऑक्सफर्डमधलं दुकान, त्याची ही आद्याक्षरं. विल्यम मॉरिस नावाचा सायकली दुरुस्त करणारा माणूस पुढे इंग्लंडचा मोटारसम्राट झाला, त्याचं ते दुकान. तिथल्या सेसिल किंबर नावाच्या व्यवस्थापकाला साध्या मोटारींना डौलदार आणि वेगवान करायचा नाद. तो धंदा वाढला आणि १९२९ साली ॲबिंग्डनच्या एका चामड्याच्या कारखान्याची रिकामी जागा घेऊन तिथे एमजीचा कारखाना सुरू झाला. पुढची पन्नास वर्षं हे गाव एमजीवर जगलं. मावशीची गाडी 'एमजीबी' जातीची. ही जात १९६२ पासून १९८० पर्यंत निघाली आणि पाच लाखांहून अधिक खपली. मावशीची १९७४ सालची. म्हणजे मी गेले तेव्हा तिची पन्नाशी!

कागदोपत्री तिच्या रंगाचं नाव 'डमास्क रेड'. मावशी म्हणते डाळिंबी. पण मला काही तो डाळिंबी दिसला नाही. बॉनेट, डिकी आणि मडगार्डांचा वरचा भाग धुवून धुवून विटलेल्या परकरासारखा झाला होता. बोट फिरवलं तर बोटाला गुलाबी खडू लागे. मात्र डिकीचं झाकण वर केलं आणि आतली कड पाहिली तेव्हा चपापलेच. शालूची घडी उलगडल्यावर आत मूळ रंग दिसतो ना, तसा गडद, ओला डाळिंबी!

दोन दिवस गाडी अंगणातच होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मावशी जरा पडली होती. मी चहाचं बघायला उठले तर डिकीवर पक्ष्याने घाण केलेली, वाळून कडक झालेली. मनात म्हटलं, मावशी उठायच्या आत स्वच्छ करून ठेवू. स्वयंपाकघरातून भांड्यांचा साबण घेतला, स्पंज घेतला. तो एका बाजूने पिवळा आणि दुसऱ्या बाजूने हिरवा खरखरीत असतो ना, तोच. पिवळ्या बाजूने निघेना म्हणून हिरवी बाजू लावली आणि चांगलं जोर लावून घासलं. पाणी ओतलं. वा! लख्ख! मोठ्या समाधानाने आत आले.

अर्ध्या तासाने बाहेर जाऊन पाहते तो पाणी वाळलं होतं, आणि डिकीवर दोन तळव्यांएवढा पांढुरका, ओरबाडलेला डाग उमटला होता. पाणी असेपर्यंत ओरखडे झाकले जातात, हे मला नंतर समजलं. तव्यावरचं काळं आवरण घासणीने खरवडणाऱ्या कामवाल्या बाईंना आपण काय काय बोलतो! इथे मीच ते केलं होतं, आणि तेही दुसऱ्याच्या वस्तूवर.

मावशीला दिसलं नाही. तिने डागावरून हात फिरवला आणि तिला कळलं. ती काही बोलली नाही. आत गेली, चहा टाकला, त्यात साखर घालायची विसरली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

रविवारी मावसभाऊ आला. दादाचं म्हणणं स्पष्ट होतं. गाडी पुढे नातीला द्यायचीच आहे, तर आता सगळा रंग खरवडून नवा मारून घेऊ. काही हजार पौंड जातील, पण एकदाचं काम होईल. "आई, तसाही तो रंग मेलाय. आणि आता हे," असं म्हणून त्याने माझ्याकडे न बघता डिकीकडे हात केला.

मावशी म्हणाली, "रंग मारायचा नाही."

"पण का?"

"तो त्या लोकांनी मारलेला आहे."

जेवताना दोघं एकमेकांशी मिठापुरतंच बोलले. मी मध्ये बसून भात चिवडत होते.

'ते लोक' म्हणजे कोण, हे मावशीने दुसऱ्या दिवशी सांगितलं. माझा हात धरून ती मला मार्कम रोडच्या बाजूला फिरायला घेऊन गेली. तिथे एमजीचा कारखाना होता. आता तिथे वेगळीच बांधकामं आहेत. जवळच एमजी कार क्लबचं 'किंबर हाउस' मात्र आहे, तेवढीच ओळखीची खूण. कारखान्यात म्हणे सरकता पट्टा नव्हता. रंगवलेले सांगाडे बाहेरून यायचे, इथे त्यांना इंजिन, चाकं बसवायची आणि एकेक गाडी माणसं हाताने पुढे ढकलायची. १९७९च्या सप्टेंबरात गावाने कारखान्याच्या पन्नाशीचा सोहळा केला, मिरवणूक निघाली. आणि लगेच सोमवारी, १० सप्टेंबरला, कंपनीने जाहीर केलं की कारखाना बंद करणार. विचार करा! बारशाला आलेल्या माणसांना दारातच सुतकाची बातमी सांगावी तसं. पुढल्या वर्षी, १९८०च्या ऑक्टोबरात, खरोखरच कुलूप लागलं.

मावशीच्या शेजारचे गृहस्थ त्या कारखान्यात चाकं बसवायच्या कामावर होते. नोकरी जाणार हे कळताच त्यांनी स्वतःची पाच वर्षं वापरलेली गाडी विकायला काढली. मावशीने स्वतःच्या पगारातून साठवलेले पैसे मोजून ती घेतली. काका हसले होते, चार महिने शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत होते की माझ्या बायकोने खेळणं आणलंय. एकतीस वर्षांची साताऱ्याची मुलगी, दोन लेकरांची आई, रात्रपाळी संपवून पहाटे टप उघडा टाकून घरी येतेय! मी डोळ्यांसमोर आणून पाहिलं. आणि पुन्हा तो डाग आठवला.

तो डाग काढता येईल का, याची चौकशी नातीने केली. या कामाला इथे 'डिटेलिंग' म्हणतात. रंग नवा मारायचा नाही, आहे तोच धुऊन, सोलून, घासून, मेण लावून जागा करायचा. हे करणारे लोक व्हॅन घेऊन घरी येतात. आमच्याकडे पंचविशीचा एक मुलगा आला. हातावर गोंदण, कानात बाळी. मला वाटलं, हा काय करणार? पण त्याने गाडीला हात लावण्याआधी मनगटातलं घड्याळ आणि बोटातली अंगठी काढून ठेवली, पट्ट्याचं बक्कल झाकलं, तेव्हाच माझा विश्वास बसला.

पहिलं काम त्याने केलं ते मोजमापाचं. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखं एक छोटं यंत्र गाडीला जागोजागी टेकवायचं, की रंगाची जाडी आकड्यात दिसते. माप मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन. गाडीचा रंग बॉनेटवर ९०, दारांवर ११०च्या आसपास, तोही खालच्या प्रायमरसकट! पन्नास वर्षांचं ऊनपाऊस झेललेलं लुगडं ते एवढंच जाड. डाव्या मडगार्डावर मात्र आकडा एकदम २६०. मुलगा म्हणाला, इथे कधीतरी पुन्हा रंग मारलेला आहे.

मावशी गप्प. मग हळूच मराठीत मला म्हणाली, "शहाऐंशी साली फाटकाच्या खांबाला घासली होती. परस्पर दुरुस्त करून आणली. तुझ्या काकांना शेवटपर्यंत कळलं नाही."

माझ्या डागाच्या जागी आकडा ८२ आला. मुलाने तोंड वाकडं केलं. त्याने मला समजावलं ते फार महत्त्वाचं आहे, म्हणून सांगते. ओरखडा 'बुजतो' ही आपली समजूत. पॉलिशने ओरखडा बुजत नाही, त्याच्या आजूबाजूचा रंग ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणतात. म्हणजे प्रत्येक पॉलिशमध्ये थोडा रंग खर्ची पडतो. मावशीच्या आधीच्या मालकांनी आणि मावशीनेही दर वसंतात डब्यातलं घासायचं औषध लावून गाडी चमकवली होती. ती चमक रंगातूनच वजा होत होती. तांब्याच्या भांड्याला कल्हई पुन्हा लावता येते. हा रंग एकदा संपला की खाली करडा प्रायमर, आणि मग दादा म्हणतो तेच करावं लागणार. म्हणून डाग पूर्ण घालवायचं वचन तो देईना. जेवढं सुरक्षितपणे निघेल तेवढं काढीन, म्हणाला.

खर्च मी देते म्हटलं, तर मावशीने उडवून लावलं. "तू पैशाने नको फेडू. चाकं घास." एका चाकाला साठ आऱ्या. चार चाकांच्या दोनशे चाळीस, शिवाय डिकीतलं पाचवं. जुना टूथब्रश घेऊन मी दीड दिवस जमिनीवर बसून होते.

आता कामाची रीत सांगते. तुमच्या दाराशी स्कूटर असो की मोटार, उपयोग होईल.

कोरड्या गाडीला फडकं लावायचंच नाही. आपल्याकडे सकाळी सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकतात ना, ती धूळ म्हणजे बारीक वाळू, आणि फडक्याखाली ती वाळू सगळ्या अंगावर फिरते. स्टीलच्या ताटाला उन्हात धरलं की गोल गोल रेघांचं जाळं दिसतं, तसंच जाळं गाडीवर पडतं. त्या मुलाने आधी नुसतं पाणी मारलं, मग साबणाचा दाट फेस फवारून पाच मिनिटं ठेवला. फेस घाण घेऊन ओघळला. मग दोन बादल्या घेतल्या. एक साबणाची, एक साध्या पाण्याची. लोकरी हातमोजा साबणात बुडवायचा, एक भाग पुसायचा, साध्या पाण्यात खळबळून पुन्हा साबणात. वरून खाली यायचं, चाकांना वेगळं फडकं. आणि सगळं सावलीत, गार पत्र्यावर. पक्ष्यांची घाण असेल तर ओलं फडकं तिच्यावर पाच-दहा मिनिटं नुसतं ठेवून द्यायचं आणि मऊ झाली की उचलून घ्यायची. घासायची नाही. हे मला कुणी आठ दिवस आधी सांगितलं असतं तर!

धुतल्यावर त्याने मला एक गंमत करायला लावली. हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून बोटं फिरवायची. स्वच्छ दिसणारा पत्रा रव्यासारखा खरखरीत लागतो! ब्रेकची भुकटी, हवेतली लोखंडाची कुसळं रंगात रुतून बसलेली असतात. त्यांच्यासाठी त्याने एक औषध फवारलं. दोन मिनिटांत गाडीवरून जांभळे ओघळ वाहू लागले आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटला. राहिलेलं काढायला मऊ मातीची वडी. कणकेच्या गोळ्यासारखी मळायची, ओल्या पत्र्यावरून अलगद सरकवायची, मळली की घडी घालून आतली स्वच्छ बाजू वर आणायची. वडी जमिनीवर पडली तर सरळ फेकून द्यायची. एक पडलीच माझ्या हातून. मी उचलून धुवायला निघाले तर त्या मुलाने अक्षरशः माझ्या हातातून ओढून घेतली. फडक्यांनाही तोच नियम.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रंगाला तेल पाजलं. खोटं नाही सांगत! जुन्या गाड्यांच्या साध्या रंगावर आजच्यासारखा पारदर्शक वार्निशचा थर नसतो, ऊन थेट रंगाला लागतं आणि वरचा थर कोरडा होऊन मरतो. म्हणून घासण्याआधी तेलकट, दाट पॉलिश (मॅग्वायर्सचं ७ नंबरचं) हाताने भरपूर थापून रात्रभर मुरू द्यायचं. मावशी खुर्चीत बसून ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे रविवारी न्हाण्याआधीचं तेल." मग तिलाही राहवलं नाही. उजवं मडगार्ड तिने स्वतः माखलं. डोळ्यांना दिसत नसलं तरी बोटांना कडा बरोबर कळत होत्या.

सकाळी मी फडक्याने ते पुसायला घेतलं आणि किंचाळलेच. फडकं लालभडक! वाटलं, राहिलासाहिला रंगही मी काढला. तो मुलगा हसायला लागला. साध्या रंगाचं असंच असतं म्हणे, मेलेला थर फडक्यावर येतो आणि ते चांगलं लक्षण. उलट आजच्या वार्निशवाल्या गाडीचा रंग फडक्यावर आला तर मात्र घाबरायचं.

मग यंत्र. गोल स्पंजाची चकती एकाच वेळी फिरते आणि थरथरते, त्यामुळे एका जागी पत्रा तापत नाही. कडांवर आणि घडीच्या रेषेवर रंग सर्वांत पातळ, तिथे निळ्या चिकटपट्ट्या लावल्या. आधी बॉनेटवर फूटभर चौकोन करून पाहिला, सर्वांत मऊ चकती, सर्वांत सौम्य पॉलिश. भागतंय असं दिसल्यावर तेच सगळीकडे. दरवेळी स्पिरिटने पुसून तेल काढायचं, म्हणजे चमक तेलाची की रंगाची ते कळतं. पट्टी काढल्यावर बॉनेट अर्धं गुलाबी आणि अर्धं डाळिंबी दिसत होतं. मावशीने मान तिरपी केली, जवळ गेली, अजून जवळ गेली. तिला काय दिसलं मला माहीत नाही. तिने पदराने, म्हणजे स्वेटरच्या बाहीने, डोळे पुसले.

डिकीवरच्या माझ्या पराक्रमाला दुपार लागली. चार वेळा घासलं, चार वेळा मोजलं. आकडा ७६वर आल्यावर त्याने यंत्र बंद केलं. उन्हात, एका बाजूने वाकून पाहिलं तर अजून पाच-सहा रेघा दिसतात. त्या राहणार.

बंपरवरचे गंजाचे ठिपके मात्र त्याने भलत्याच सोप्या युक्तीने काढले. मावशीची पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल मागितली, चुरगळली, पाण्यात बुडवली आणि हलक्या हाताने चोळली. क्रोम आरशासारखा! दाराखालच्या उंबऱ्याच्या पट्टीवर रंगाला फोड आले होते, तिकडे बोट दाखवून तो म्हणाला की हे माझं काम नाही. हिवाळ्यात इथे बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ गाड्या आतून खातं. एमजीबीचा तर हा जुना आजार. त्यासाठी पत्रा कापून जोडणारा माणूस पाहिजे. डिटेलिंगने गंज जात नाही, हे कुणी सांगत नाही. त्याने सांगितलं.

शेवटी उजवं दार राहिलं, मावशीच्या बाजूचं. मुठीच्या खाली वीतभर जागेत बारीक, आडव्या, एकमेकींवर चढलेल्या रेघा. मुलाने विचारलं, या कशाच्या? माझ्या लक्षात आलं. मावशीने मनगट पुढे केलं. दोन पाटल्या आणि मध्ये बांगड्या. ड्यूटीवर हातात काही चालत नसे. बांगड्या गाडीच्या खणात ठेवलेल्या असत, पाळी संपली की गाडीत बसून ती त्या चढवायची. मग घरी येऊन उतरलं की दार लावताना हात घासायचा. तीस वर्षं, रोज.

तिथे आकडा ९५. मुलगा म्हणाला, इथे भरपूर रंग आहे, निघतील.

दादा तोवर आला होता. तो म्हणाला, "मग काढून टाका की."

मावशीने जरा विचार केला. मला वाटलं, आता म्हणेल, राहू दे. सिनेमात तसं असतं. पण ती म्हणाली, "निघतात त्या काढ. गाडी पोरीची होणार आहे. तिला तिच्या रेघा पाडू देत." मग थांबून, "पण मुठीच्या मागच्या ठेव. तिथे तसाही कुणाचा हात जात नाही." मुलाने मुठीच्या मागे चिकटपट्टी लावली आणि बाकीचं दार केलं.

दादा आत गेला आणि चहाचे चार कप घेऊन आला. रंग मारायची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

मेण लावायचं काम शेवटचं. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं कार्नोबा मेण. पातळ लावायचं, धुरकट झालं की पुसायचं. आजकाल वर्षानुवर्षं टिकणारे लेपही मिळतात, पण मेण दोन-तीन महिन्यांनी कुणालाही हाताने पुन्हा लावता येतं आणि त्यात रंग खर्ची पडत नाही, म्हणून त्याने मेणच सुचवलं. मावशीला तेच हवं होतं. मोठा डबा घेऊन ठेवलाय तिने.

मी निघायच्या आदल्या दिवशी नातीने टप उघडला. दोनच जागा, त्यामुळे पहिली फेरी मावशीची. मार्कम रोडवरून, पुलावरून, नदीकाठाने वळसा घालून अर्ध्या तासाने दोघी परत आल्या. मावशीचे केस विस्कटले होते आणि ती उतरायला तयार नव्हती. वाटेत एक शिंतोडा पडून गेला होता. बॉनेटवर थेंब अळूच्या पानावर बसतात तसे टपोरे बसले होते, पसरत नव्हते.

मग माझी फेरी. मी डाव्या बाजूला बसले, इतकं खाली की रस्ता हाताला लागेल असं वाटलं. दाराला हात घातला, तोच फाटकातून मावशीचा आवाज आला,

"बांगड्या सांभाळ गं!"

मी हात बाहेर काढून दाखवला. कोपरापर्यंत सरकवून ठेवल्या होत्या.